पुरस्कार सोहळ्याचं लेखन घेतलं तर पटकथालेखक म्हणून मागे पडायला होतं का?

कोरी वही:

नमस्कार मंडळी,

गेली ६ वर्षं मी विनोदी मालिकांचे एपिसोड लिहिते आहे, त्यातली शेवटची २ वर्षं मुख्य लेखिका म्हणून. सोबत स्वतःची एक विनोदी पटकथाही चालू आहे, तिचा तिसरा खर्डा निम्म्यावर आलाय. आणि आता अचानक टीव्हीवरच्या एका पुरस्कार सोहळ्यासाठी लेखकांच्या चमूत येणार का, अशी विचारणा झाली. अडीच महिन्यांचं काम आहे.

मला हो म्हणावंसं वाटतंय. पण माझ्याबरोबर लिहिणारा मित्र अगदी मनापासून सांगतोय की जाऊ नकोस. एकदा 'सोहळेवाली' असा शिक्का बसला की पटकथेसाठी कुणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय अडीच महिने खर्डा बाजूला पडला की पुन्हा त्यात शिरायला किती त्रास होतो, हे मी अनुभवलंय.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सोहळ्यात लेखक नेमकं लिहितो काय? पडद्यावर बघताना तर सूत्रसंचालक आपल्या मनानेच बोलतोय असं वाटतं. आणि ही दोन्ही कामं आयुष्यभर नीट सांभाळलेलं कुणी आहे का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

मध्यंतर:

ताई, स्पष्टच सांगतो, नका जाऊ. मी २ सोहळ्यांचं लेखन केलंय. जीव ओतून लिंका, म्हणजे सोहळ्याचे दोन भाग जोडणारी निवेदनं, लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या तोंडी काय, तर कुणी कोणते कपडे घातले होते आणि कुणाचं बक्षीस हुकलं. पटकथा वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा बघतं. लिंक कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही. तुमचा खर्डा निम्म्यावर आलाय ना, मग आधी तो हातावेगळा करा. माझा एक खर्डा असाच राहून गेला, त्याची हळहळ अजून जात नाही.

तिसरी घंटा:

मध्यंतर यांची कळकळ खरी आहे आणि खर्डा राहून गेल्याचं दुःखही मी समजू शकतो. पण माझा अनुभव वेगळा आहे. १४ वर्षं झाली, मी सोहळेही लिहितो आणि चित्रपटही. म्हणून जरा लांबण लावतो, वेळ काढून वाचा.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका माणसाच्या कामांची यादी मी हाताने लिहून लावली आहे. हॅल कँटर. जन्म १९१८, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना. सुरुवात रेडिओवरच्या विनोदी लेखनापासून. मग १९५२ साली विनोदवीर बॉब होप आणि गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी यांच्या 'रोड टू बाली'च्या लेखकांत नाव. १९५५ ला विनोदवीर जॉर्ज गोबेल यांच्या टीव्ही कार्यक्रमासाठी विनोदी लेखनाचं एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीसाठीचं मानाचं बक्षीस. आणि त्याच साली आलेल्या 'द रोझ टॅटू'साठी टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकाचं चित्रपटासाठी रूपांतर. या चित्रपटाने ॲना मॅग्नानी यांना ऑस्कर मिळवून दिलं. म्हणजे एका हाताने गोबेल यांच्यासाठी हशे लिहायचे आणि दुसऱ्या हाताने मॅग्नानींसारख्या अभिनेत्रीचं दुःख. हे मी रोज वाचतो.

यादीत पुढे १९५७ चा 'लव्हिंग यू' आहे, एल्विस प्रेस्लीचा. सहलेखक कँटर, दिग्दर्शकही कँटर. त्याच्या तयारीसाठी १९५६ च्या डिसेंबरमध्ये ते एल्विसच्या गावी, मेंफिसला गेले, एल्विसच्या चमूबरोबर श्रीव्हपोर्टला गेले, तिथला कार्यक्रम आणि तिथली बेभान गर्दी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. ज्याच्या तोंडी आपली वाक्यं जाणार, तो माणूस गर्दीत कसा वागतो, थकल्यावर कसा बोलतो, हे बघायला ते गेले होते, असं मी समजतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका प्रवासात आहे. त्याच्याकडे पुन्हा येतो.

१९६८ मध्ये त्यांनी 'ज्युलिया' ही मालिका निर्माण केली. डायहान कॅरल यांनी त्यात नर्सची भूमिका केली. नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, पदरी लहान मुलगा, स्वतःच्या पायावर उभी असलेली कृष्णवर्णीय बाई. अमेरिकन टीव्हीवर तेव्हा अशी नायिका नव्हती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते रॉय विल्किन्स यांचं एका भोजनप्रसंगी भाषण ऐकून या मालिकेची कल्पना त्यांच्या मनात आली. पुन्हा ऐकणंच. आणि ही सगळी कामं चालू असताना, पुढेही, म्हातारपणापर्यंत, ऑस्करचे वीसहून जास्त सोहळे. १९९१ आणि १९९२, लागोपाठ दोन वर्षं, ऑस्करच्या लेखनासाठी एमी मिळालं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २०११ मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले. तुमचा मित्र म्हणतो तो शिक्का या यादीत कुठे बसवायचा, ते मला तरी सापडलेलं नाही.

आता पहिला प्रश्न. लेखक लिहितो काय? सूत्रसंचालकाचं सुरुवातीचं निवेदन, प्रत्येक विभागाच्या लिंका, बक्षीस द्यायला येणाऱ्या जोडीचे संवाद, गौरवमूर्तीची ओळख, दिवंगतांना आदरांजली, हे सगळं तर आहेच. पण त्याच्या दुप्पट लिहावं लागतं ते 'जर'साठी. विजेता आलाच नसेल तर? दोघांना विभागून मिळालं तर? बाहेर काही अघटित घडलं तर? ३० मार्च १९८१ ला अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑस्कर सोहळा त्याच दिवशी होता, तो दुसऱ्या दिवसावर गेला. रेगन यांचा शुभेच्छासंदेश आधीच ध्वनिमुद्रित, चित्रित होऊन तयार होता, आणि तो दाखवलाही गेला. त्या संदेशाच्या आधी आणि नंतर सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांनी काय बोलायचं, त्या सभागृहात पहिला हशा कोणत्या मिनिटाला चालेल, हा हिशेब कुणाला तरी एका रात्रीत करावा लागला असणार. नुसत्या विचारानेही माझ्या पोटात गोळा येतो.

'सूत्रसंचालक मनानेच बोलतोय असं वाटतं' असं तुम्ही म्हणालात. वाटलंच पाहिजे. १९९२ चा सोहळा जमलं तर बघा, लेखक म्हणून बघा. बिली क्रिस्टल सूत्रसंचालक. सुरुवातीलाच सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस जॅक पॅलन्स यांना मिळालं. वय ७३. गृहस्थ व्यासपीठावर आले आणि जमिनीवर उतरून एका हाताने दंड काढू लागले! कुठल्याही संहितेत नसलेली गोष्ट. पॅलन्स आणि क्रिस्टल एकाच चित्रपटात होते, बक्षीस त्याच चित्रपटासाठी. त्या क्षणापासून सोहळा संपेपर्यंत क्रिस्टल दर थोड्या वेळाने पॅलन्स यांचा नवा पराक्रम सांगत राहिले, आत्ता ते अमुक करून आले, आत्ता तमुक. दर वेळी आधीपेक्षा मोठी थाप, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा हशा. आधी लिहिलेली पानं बाजूला ठेवून, चालू कार्यक्रमात विंगेतल्या लेखकांसोबत उभी केलेली ती माळ होती. त्या वर्षीच्या एमीत क्रिस्टल यांच्याबरोबर कँटर, ब्रूस व्हिलांच, रॉबर्ट वूल अशी नावं आहेत.

त्याच रात्री आणखी एक घडलं. लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रपटांचे निर्माते हॅल रोच प्रेक्षागृहात बसले होते, वय वर्षं १००. त्यांची ओळख करून दिल्यावर ते नुसते उठून उभे राहतील असं ठरलेलं. ते उभे राहून बोलायलाच लागले. समोर माइक नाही. ओठ हलताहेत, एक अक्षर ऐकू येत नाही, सगळं सभागृह अवघडलेलं. क्रिस्टल यांनी थोडं थांबून एवढंच म्हटलं की हे योग्यच आहे, त्यांची सुरुवात मूकपटांतच झाली होती. सभागृह मोकळं झालं, आणि रोच यांचा मान कणभरही कमी झाला नाही. हे वाक्य मला फार मोठं वाटतं. अवघडलेपणाचं ओझं त्या वृद्ध माणसावरून अलगद उचललं, हसू आणलं, आणि त्यांच्या शंभर वर्षांची आठवणही करून दिली.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगतो. एका सोहळ्यात एक ज्येष्ठ अभिनेते आणि एक अभिनेत्री अशी जोडी बक्षीस द्यायला येणार होती. लिंक भांडणाची लिहिली होती, ३५ सेकंदांची, म्हणजे जेमतेम ७०-७५ शब्द. त्यांचं एक वाक्य, तिचं एक, असं. ब्रेक लागला आणि स्टेज मॅनेजर धावत आला, बाईंना चक्कर आलीय, त्या येत नाहीत. हातात ११ मिनिटं. मी रनडाऊनचा, म्हणजे सोहळ्यातल्या क्रमाच्या तक्त्याचा, कागद उलटा केला, त्याने वर टॉर्च धरला, आणि नवीन लिंक लिहायला घेतली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. एकट्या माणसाचं भांडण लिहायचं कसं? मग काय सुचलं कोण जाणे, जुनीच लिंक काढली, तिची सगळी वाक्यं काट मारून घालवली आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी ठेवली. त्यांना म्हटलं, काका, शेजारच्या मोकळ्या माइककडे बघून बोला, तिच्या वाक्याला लागला असता तेवढा वेळ थांबा, आणि मग तुमचं पुढचं वाक्य. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "कुठे चिडू?" मी तिच्या खोडलेल्या तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

पहिल्या मोकळ्या जागेला लोकांना कळेना. दुसऱ्या मोकळ्या जागेत काका नुसतेच दुखावल्यासारखे माइककडे बघत राहिले आणि सभागृह फुटलं. जे वाक्य कुणी बोललंच नाही त्यावर लोक हसत होते, कारण प्रत्येकाने ते मनातल्या मनात स्वतः लिहिलं होतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी माझ्या पटकथेतला नवराबायकोचा पाच पानांचा फोनचा प्रसंग काढून बसलो. दोन वर्षं तो मला जड वाटत होता आणि का ते कळत नव्हतं. बायकोचा आवाज काढून टाकला. दीड पान उरलं. चित्रीकरणात त्यातला एक शब्द बदलला नाही.

मध्यंतर, लिंक कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती लिहिणारा हात तोच राहतो ना.

कोरी वही:

तिसरी घंटा, दोनदा वाचलं. काकांचं "कुठे चिडू?" डोक्यातून जात नाहीये. मनापासून आभार.

अजून दोन गोष्टी विचारू का? माझ्या मालिकेतली पात्रं मीच घडवलेली, त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. इथे तर ज्यांना कधी भेटले नाही अशा तीस-चाळीस माणसांसाठी लिहायचं. त्यांचा आवाज कुठून आणायचा? आणि करारात माझं नाव कुठे, कसं येणार याबद्दल एक ओळ नाही. मागावं का? की पहिल्याच वेळी हे बरं दिसत नाही?

मध्यंतर:

नाव मागाच. माझं म्हणणं थोडं बदलतो. मी पहिला सोहळा लिहिला तेव्हा असंच मोघम होतं. वाहिनीचं नाव घेत नाही. मी घरी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. शेवटची पट्टी सुरू झाली, प्रकाशयोजना गेली, वेशभूषा गेली, वाहनव्यवस्था गेली, आणि लेखन आलंच नाही. आईने विचारलं, तुझं नाव कधी येणार? त्या रात्रीपासून सोहळा म्हटलं की मला तोच प्रश्न आठवतो. वर नका जाऊ म्हणालो त्यामागे हे होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. लिंक वाया जाते म्हणून नाही.

तिसरी घंटा:

मध्यंतर, वाचून वाईट वाटलं. तुमच्या आईंना ते नाव दिसायलाच हवं होतं. प्रकाशयोजनेच्या खालोखाल हक्काची जागा होती ती.

ताई, नाव लेखी मागा, आणि आत्ताच. सोहळ्याच्या आठवड्यात हे ऐकायला कुणाला वेळ नसतो. पहिली वेळ आहे म्हणून संकोच करू नका. अमेरिकेत लेखकांची संघटना आहे म्हणून तिथे लेखकाचं काम काय ते निदान दिसून तरी येतं. २००७-०८ च्या लेखकांच्या संपात गोल्डन ग्लोबचा सोहळाच रद्द झाला आणि १३ जानेवारी २००८ ला विजेत्यांची नावं एका पत्रकार परिषदेत वाचून दाखवली गेली. २०२३ च्या संपात टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे पुरस्कार, संहितेशिवाय झाले. सुरुवातीला सूत्रसंचालक आरियाना डिबोस यांनी संहितेची फाइल उघडली तर आत कोरी पानं. तुमच्या इथल्या नावावरून ते आठवलं.

लिहिलेलं सगळं तारखेसह जपूनही ठेवा, वापरलं न वापरलं दोन्ही. बॉब होप यांचा विनोदांचा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला तेव्हा ती ८५ हजारांहून जास्त पानं होती. त्यांच्या पदरी लेखकांची फौज होती, पण कागद सांभाळण्याची शिस्त होप यांची. माझ्याकडे १४ वर्षांच्या १४ फाइली आहेत. गेल्या वर्षी न वापरलेली लिंक यंदा एखाद्या पात्राच्या तोंडी फिट्ट बसते.

आता आवाजाचं. इथेच मेंफिसचा प्रवास. आपल्याला प्रत्येकाबरोबर गाडीतून जाता येत नाही, पण मुलाखती आहेत. त्यांचे चित्रपट बघून आवाज शोधू नका, ही चूक मी पहिली तीन वर्षं केली. चित्रपटात ते दुसऱ्या लेखकाचं वाक्य बोलत असतात. लांबलचक मुलाखत काढा आणि पहिली दहा मिनिटं सोडून द्या, तेव्हा माणूस जपून बोलतो. पुढे तो सैल होतो. वाक्य कुठे सोडून देतो, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, हसतो ते वाक्याच्या आधी की नंतर, एवढंच टिपा. एका ज्येष्ठ अभिनेत्री 'ठीक आहे' कधीच म्हणत नाहीत, 'बरं' म्हणतात, आणि त्या 'बरं'नंतर श्वास घेतात. मी त्यांच्या लिंकेत विनोद त्या श्वासाच्या पलीकडे ठेवला. त्यांना तालमीत काही सांगावं लागलं नाही.

आणि 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द! सोहळ्यात तो प्रत्येक विभागात येणार, टाळता येत नाही, आणि भलेभले तिथे अडखळतात. वाक्याच्या शेवटी आला, दम संपत आला असला, की 'सर्वोत्कृष्ट'चं काहीतरी भलतंच होतं आणि आधीचा हशा पुसला जातो. म्हणून तो नेहमी नव्या वाक्याचा पहिला शब्द ठेवा, आणि त्याआधी टाळीची जागा सोडा, म्हणजे बोलणाऱ्याला दम घेता येतो. टेलिप्रॉम्प्टरवर तो एका ओळीत पूर्ण दिसतोय ना, अर्धा खाली तुटत नाहीये ना, हे तालमीत स्वतः उभं राहून तपासा. हे बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं, म्हणून ते लेखकाचं.

खर्ड्याबद्दल एकच. अडीच महिन्यांतले पहिले पाचसहा आठवडे सकाळी मोकळे असतात. नामांकनं पक्की झालेली नसतात, येणाऱ्यांची नावं रोज बदलतात. त्या सकाळी खर्ड्याच्या. शेवटचे तीन आठवडे मात्र तो उघडूच नका, चिडचिड होईल.

गुरुवारी भेटाल तेव्हा गेल्या वर्षीचा रनडाऊन मागून घ्या. त्यावरून किती काम आहे ते कुणाच्याही शब्दापेक्षा नीट कळेल.

कोरी वही:

आज भेटून आले. हो म्हटलं.

नावाची ओळ करारात घालून घेतली. त्यांनी लगेच मान्य केलं, मीच आदल्या रात्री उगाच जागले. पूर्ण पडदाभर, एकटं, निदान दोन सेकंद, असं लिहून मागितलं. मध्यंतर, हे तुमच्या आईंचा प्रश्न वाचून सुचलं.

गेल्या वर्षीचा रनडाऊनही मिळाला. ४१ रकाने आहेत. त्यातल्या ३४ व्या रकान्यात फक्त 'जीवनगौरव, ४ मिनिटं' एवढंच लिहिलंय. यंदा तो कुणाला द्यायचा ते ठरलंय, नाव अजून बाहेर सांगायचं नाही. त्यांची एक दोन तासांची रेडिओ मुलाखत सापडली आहे. पहिली दहा मिनिटं सोडून आत्ता ऐकायला बसतेय.